अयोध्या नगर ते रामनगर, सागरमार्गे

आपल्या स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून लसीकरणाचे वेळापत्रक मागवले जाते आणि दरवर्षी मी ते निमूटपणे देतो. यंदा संपादक मंडळाने ‘काहीतरी ललित लिहा’ असे फर्मान काढले, तेव्हा प्रथम धास्तीच वाटली. ‘पाच मिलि, दिवसातून तीन वेळा’ यापलीकडे बालरोगतज्ज्ञाच्या लेखणीला सवय नसते. मग फेब्रुवारी २०२५ मधील अंदमानच्या प्रवासाचे लिहावे असे मनात आले. या प्रवासात माझ्यासोबत असलेल्या मित्राला विचारले, तर तो म्हणाला, “लिही. सगळे लिही. फक्त नाव नको.” या संमतीच्या बळावरच पुढील मजकूर वाचकांसमोर ठेवत आहे.

हा मित्र शल्यचिकित्सक. गांधी मेडिकल कॉलेजात १९८७ साली आम्ही एकाच दिवशी प्रवेश घेतला. पुढे तो सर्जरीकडे वळला, मी मुलांकडे; आणि योगायोगाने दोघांचीही घरे अयोध्या बायपासच्या आसपासच झाली. आठवड्यातून दोनदा तरी भेट, हर्नियाची किंवा अपेंडिक्सची मुले मी त्याच्याकडे पाठवायची, हा आमचा सदतीस-अडतीस वर्षांचा परिपाठ. बेटांवर जाण्याची कल्पना त्याची. सूटकेस नाही, ट्रॅव्हल एजंट नाही, सहकुटुंब सहपरिवार नाही. पाठीवर एकेक सॅक टाकायची आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, आज या रिसॉर्टमध्ये तर उद्या त्या झोपडीत, असे आठ दिवस हिंडायचे. “पंचविशीत करायचे राहिले ते छप्पन्नाव्या वर्षी करू,” असे तो म्हणाला. एवढी घाई कशाची, हे मला तेव्हा विचारावेसे वाटले नाही.

निघण्यापूर्वी दोन्ही सॅक माझ्या दवाखान्यातील तान्ह्या बाळांच्या काट्यावर तोलल्या. त्याची साडेसहा किलो भरली, माझी नऊ. माझ्या सॅकमध्ये ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, उलटीच्या गोळ्या, बँडेज आणि सौभाग्यवतींनी दिलेला चिवडा होता. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितले, “भावजी, खोली एकच घ्या. ह्यांना हल्ली झोपेत हातपाय झाडायची सवय लागली आहे, पलंगावरून पडतील.” मी मान डोलावली. वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेत हे वाक्य माझ्यासमोर आले असते तर मी कदाचित सावध झालो असतो. वहिनींच्या तोंडून आले म्हणून ते संसारातील तक्रारीसारखे ऐकले.

भोपाळहून रेल्वेने चेन्नई आणि तेथून विमानाने दोन-सव्वादोन तासांत अंदमान. खाली निळ्या पाण्यात हिरवे ठिपके दिसू लागले की हे आपलेच राष्ट्र आहे यावर विश्वास बसत नाही. आठशेहून अधिक लहानमोठी बेटे आणि खडक. मनुष्यवस्ती जेमतेम तीसेक बेटांवर. ज्या गावाला आपण आयुष्यभर पोर्ट ब्लेअर म्हणत आलो, त्याचे सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम असे नामकरण झाले आहे. रिक्षावाले मात्र अजून जुनेच नाव घेतात.

मराठी माणसाने या गावात उतरून प्रथम कोठे जावे, हे सांगावे लागत नाही. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू होऊन १९०६ मध्ये पुरे झाले. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना पसरलेल्या सात तीनमजली इमारती. त्यांपैकी तीनच आज उभ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरील टोकाच्या कोठडीत तात्याराव सावरकर १९११ पासून होते. बाबाराव आधीच येथे आलेले होते. आणि एकाच तुरुंगात असूनही या दोघा सख्ख्या भावांची दीर्घकाळ गाठ पडू दिली गेली नाही. खोबऱ्याचे तीस पौंड तेल रोज कोलूतून काढायचे, ही शिक्षा. मित्राने कोलूच्या दांड्यावर हात ठेवला, क्षणभर थांबला आणि हात पटकन खिशात घातला. त्या आठ दिवसांत त्याचा उजवा हात बहुतेक वेळ खिशातच होता. आज ते स्पष्ट आठवते. तेव्हा ती त्याची ऐट वाटली.

आपणां वैद्यकीय मंडळींसाठी येथे आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. मार्च १८५८ मध्ये दोनशे कैद्यांची पहिली तुकडी घेऊन जो अधिकारी येथे उतरला, तो जेम्स पॅटिसन वॉकर पेशाने डॉक्टर होता. आणि ज्या आवारात माणसे जिवंतपणी गाडली गेली, त्याच आवारात आज गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे आहे. समोरच्या रॉस बेटाचे नाव ऐकून मला आपल्या मलेरियावाल्या रोनाल्ड रॉस यांचा गहिवर आला होता. पण ते नाव डॅनियल रॉस या सागरी सर्वेक्षकाचे निघाले. २०१८ पासून ते बेट नेताजींच्या नावाने ओळखले जाते, त्यामुळे माझा गहिवर दोन्हीकडून वाया गेला.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला बहुतेक प्रवासी जातात. आम्ही गेलो नाही, आणि हा निर्णय माझा. तो रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. १८७७ साली गोवराच्या साथीने ग्रेट अंदमानी जमातीची अतोनात हानी केली. १९९९ मध्ये, जारवा आपणहून बाहेर येऊ लागल्यावर वर्ष-दोन वर्षांतच, त्यांच्यातही गोवर शिरला. ज्या आजाराची लस मी रोज सकाळी दहापासून टोचतो, त्याने माणसांचा एक समाज जवळजवळ पुसून टाकावा आणि आपण काचेआडून त्यांच्या मुलांना पाहायला जावे, हे मला जमण्यासारखे नव्हते. मित्राने वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वराज द्वीपाकडे, म्हणजे जुन्या हॅवलॉककडे निघालो. खासगी वेगवान बोटी दीड तासात पोहोचवतात. सरकारी बोटीला अडीच तास लागतात, पण ती स्वस्त, आणि तिच्यावर बेटावरची खरी माणसे भेटतात: भाजीच्या करंड्या, कोंबड्या, शाळामास्तर, माहेरी निघालेली लेकुरवाळी. आम्ही जाताना खासगी बोट घेतली. धक्क्यावर मी माझे औषधाचे दुकान उघडले आणि सिनारिझिनची गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती परत केली. “नको.” मी प्रोमेथाझिन पुढे केले. “तेही नको.” समुद्र त्या दिवशी तसा शांत होता, तरी बोटीचा वेग आणि बंद खिडक्या यांनी व्हायचे ते झाले. पाऊण तास तो कागदी पिशवीत तोंड घालून बसला होता, आणि मी शेजारी बसून त्याला ‘सर्जन लोकांचा अहंकार’ या विषयावर व्याख्यान देत होतो.

वाचकांपैकी फिजिशियन मंडळींना एव्हाना उलगडा झाला असेल. मला झाला नव्हता.

स्वराज द्वीप हे नाव २०१८ चे. त्याआधी ज्याच्या नावाने हे बेट ओळखले जाई, तो हेन्री हॅवलॉक म्हणजे जुलै १८५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून कानपूर घेणारा सेनापती. तो त्याच वर्षी लखनौला मेला, तोही गोळीने नव्हे, आमांशाने. माझ्या सॅकमधील ओआरएसच्या पाकिटांकडे मी त्या दिवशी जरा निराळ्या दृष्टीने पाहिले.

बेटावरील वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. किनाऱ्यांना क्रमांक आहेत. तीन आणि पाच क्रमांकांच्या किनाऱ्यांवर रिसॉर्टांची रांग लागते. पहिल्या रात्री आम्ही जरा बरे रिसॉर्ट घेतले. स्वागतकक्षातील मुलाने आमच्या पाठीकडे पाहून विचारले, “सर, सामान मागून येते आहे का?” खोलीचे दार उघडले तर पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले, भोवती जास्वंदीच्या पाकळ्या. दोघांसाठीच्या आरक्षणाचा दुसरा अर्थ त्या बेटावर कोणी लावत नाही. भोवताली सगळी नवपरिणित जोडपी, चुड्यांचा किणकिणाट, आणि त्यांच्या मधोमध आम्ही दोघे अर्ध्या चड्डीतले, चाळिशीचे चष्मे शोधत मेनू वाचणारे. पुष्कळ हसलो. रात्री तो खरोखरच झोपेत ओरडला आणि त्याच्या हाताच्या फटक्याने पाण्याची बाटली खाली पडली. सकाळी त्याला काही आठवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बांबूच्या झोपडीत मुक्काम. भाडे पाचव्या हिश्शाचे, सुख पाचपट. बाजारात सुकटीचे ढीग मांडलेले होते. मी नाकाला रुमाल लावून झपाझप चाललो आणि मागे वळून पाहतो तर हा गृहस्थ त्याच ढिगाशेजारी उभा राहून शांतपणे नारळपाणी पितो आहे. “तुला वास येत नाही?” मी विचारले. “वासाचे काय,” म्हणाला, “सवय होते.”

राधानगरच्या किनाऱ्याला ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ साली आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले होते. आम्ही तेथे भल्या पहाटे गेलो, कारण बेटावर दिवस लवकर उजाडतो. घड्याळ अलाहाबादच्या रेखांशाचे आणि सूर्य ब्रह्मदेशाच्या शेजारचा, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला अंधारायला लागते. किनाऱ्यावर मगरींविषयी सूचना होती. ती विनोदाने घेऊ नये. २०१० मध्ये याच बेटावर पाण्यात उतरलेली एक परदेशी तरुणी मगरीच्या हल्ल्यात दगावली. पाण्याला जाळे लावलेला भाग पोहण्यासाठी राखून ठेवला आहे. तेथे कोणा चहावाल्याने आम्हांला राजनची गोष्ट सांगितली. राजन हा हत्ती. लाकडाचे ओंडके ओढण्यासाठी त्याला या बेटांवर आणले होते. लाकूडतोड बंद झाली आणि त्याचे काम संपले. पुढे तो प्रवाशांसोबत समुद्रात पोहत असे. २०१६ मध्ये गेला.

मित्र पुढे चालत गेला होता. ओहोटी लागलेली, वाळू ओली आणि कोणी न तुडवलेली. मी त्याच्या पावलांच्या खुणांवरून चालत निघालो. लहान मुलांना दवाखान्यात चालायला लावून त्यांच्याकडे पाहत राहणे, हे माझे तीस वर्षांचे काम. डाव्या पावलाचा ठसा स्वच्छ होता, टाच, चवडा, बोटे. उजव्या पावलामागे प्रत्येक वेळी एक बारीक ओरखडा होता. वीस-पंचवीस पावले मी खाली पाहत चाललो. मग वर पाहिले. डावा हात हलत होता, उजवा नव्हता.

मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर चहावाल्याकडे परत जाऊन आणखी एक चहा घेतला.

त्याच दिवशी दुपारी पाण्याखाली उतरण्याचे ठरले होते. स्कूबा शिकवणाऱ्या केंद्रात प्रथम आरोग्याविषयीचा तक्ता भरून द्यावा लागतो. हृदयविकार, दमा, फिट्स, वयाची पंचेचाळिशी, मज्जासंस्थेचे विकार. पुढे ‘होय’ आणि ‘नाही’. मी माझा भरला आणि त्याच्या तक्त्याकडे पाहिले. मज्जासंस्थेच्या रकान्यात ‘होय’वर खूण होती, आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात तीन औषधांची नावे. पहिले लेव्होडोपा.

तेथील प्रशिक्षक मुलगी पंचविशीची असेल. ती नम्रपणे म्हणाली की डॉक्टरचे पत्र असल्याशिवाय उतरवता येणार नाही. मित्राने माझ्याकडे बोट दाखवले. “हे डॉक्टर आहेत. एमडी आहेत.” तिने लगेच पेन पुढे केले. तो म्हणाला, “लहान मुलांचे डॉक्टर आहेत, लहान मुलालाच सोडायचे आहे, कर सही.” तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. मी पेन हातात घेतले, कागद वाचला, आणि पेन टेबलावर ठेवून दिले. बोललो एवढेच, “नाही.”

त्यावर तो रागावेल असे वाटले होते. “बरे झाले,” म्हणाला, “कोणीतरी नाही म्हणायला हवेच होते.”

पुढचा मुक्काम शहीद द्वीप, जुने नील. १८५७ च्याच दुसऱ्या एका, अधिक क्रूर सेनानीच्या नावाचे. हे बेट इतके लहान की सायकलवर अर्ध्या दिवसात पालथे घालावे. भाज्यांचे मळे, केळी, सुपारी. आणि गावांची नावे? रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर! वसवणाऱ्यांनी बंगालमधून येताना सोबत रामायण आणले असावे. अयोध्या नगराहून निघालेले आम्ही दोघे वनवासी रामनगरला पोहोचलो, हे घरी फोनवर सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, “मग परत कधी, चौदा वर्षांनी?”

लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहत बसलो असताना त्याने सांगितले. आठ महिन्यांपूर्वी नागपूरला जाऊन निदान करून घेतले होते; भोपाळमध्ये दाखवले असते तर संध्याकाळपर्यंत निम्म्या शहराला कळले असते. कंपवात. पार्किन्सनचा आजार. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले, तेही बहुतांशी माणसांना रस्त्यावर चालताना पाहून. नागपूरला जाण्याआधी वर्षभर त्याच्या बोटाला कंप होता. वास तर त्याआधीच गेला होता. सिनारिझिन का नको, हे आता मला कळले. जे औषध कंपवाताची लक्षणे वाढवते ते मी मित्राला प्रेमाने देऊ पाहत होतो आणि वर व्याख्यान देत होतो. जेवणाआधी तासभर तो रोज ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणे, तेही गोळीसाठीच. माशांतील प्रथिने तिच्या आड येतात.

“ऑपरेशने?” मी विचारले.

“गंमत सांगू? हात रिकामा असला की थरथरतो. सुरी धरली की थांबतो.”

हे शास्त्राला धरून आहे. हा कंप विश्रांतीचा. कामाला लागलेला हात पुष्कळदा स्थिर होतो. आणि फसवणूक नेमकी तेथेच आहे, कारण हाताचा मंदपणा आणि ताठरपणा जात नाही. गाठ मारायला लागणारा वेळ वाढतो, आणि तो मोजणारे कोणी नसते. खासगी व्यवसायात आपल्याला निवृत्तीचे वय नाही. परिचारिका बोलत नाही, भूलतज्ज्ञ बोलत नाही, मित्र बोलत नाही.

मित्र बोलत नाही, हे मी माझ्याविषयी लिहीत आहे. वर्षभरापासून त्याच्या चिठ्ठ्यांवरील अक्षर बारीक होत चालले होते. मी ते पाहिले होते आणि ‘कागद वाचवतोस का’ अशी थट्टाही केली होती. आणि त्या वर्षभरात मी त्याच्याकडे हर्नियाची पाच मुले पाठवली होती.

“पाचही तू केलीस?”

“तीन ज्युनिअरने. मी शेजारी उभा होतो.” थोड्या वेळाने म्हणाला, “दोन मी.”

सूर्य बुडाला. आम्ही उठलो नाही. डास चावायला लागले तेव्हा उठलो.

दुसऱ्या दिवशी भरतपूरला तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ पाहिले. पुष्कळसे पांढरे पडलेले होते. २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत समुद्र तापून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर विरंजित झाले, आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच झाले. मधूनच एखादा जांभळा, जिवंत झुबका दिसे आणि त्याभोवती पोपटी मासे. “हे बघ,” तो उजव्या हाताने दाखवत होता. हात थरथरत होता. आता तो लपवत नव्हता.

परतताना सरकारी बोट घेतली. खुल्या डेकवर वारा होता, त्यामुळे गोळीशिवाय निभावले. तेथे त्याने मला त्याच्या नर्सिंग होमला द्यायचे पत्र सांगितले आणि मी लिहून घेतले: १ मार्चपासून शस्त्रक्रिया करणार नाही, कारण असे असे. कारण लिहावे की नाही यावर आम्ही अर्धा तास घातला. शेवटी लिहिले. भोपाळला पोहोचल्यावर ते टाइप करून घ्यावे लागले, कारण माझे अक्षर कोणालाच लागेना.

आता तो सकाळी बाह्यरुग्ण विभाग पाहतो आणि शनिवारी नव्या मुलांना टाके घालायला शिकवतो. गाठ चुकली की रागावतो, पूर्वीसारखाच. आर्थिक ओढ बसली आहे. ती त्याने लपवलेली नाही आणि मीही येथे लपवत नाही.

आल्या आठवड्यात मी ती दोन मुले तपासणीला बोलावली. एकाचा व्रण उत्तम, दुसऱ्याचा तर शोधावा लागला. एका आईने विचारले, “डॉक्टरसाहेब, अचानक का बोलावलेत?” मी म्हणालो, “सहज.” ते खरे नव्हते, हे येथे नोंदवून ठेवतो.

यंदा लक्षद्वीपचे घाटते आहे. तेथे जाण्यासाठी आधी परवाना लागतो आणि त्याचा अर्ज भरायचा आहे. अर्ज त्याने माझ्याकडे पाठवला. अक्षर लागत नाही म्हणून मी तो वहिनींकडे पाठवून दिला आहे. कोणाचे अक्षर, यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.